शाळेच्या मागचं चर्च

खामगावात बाहेरगावच्या कुणी कॅथलिक चर्च कुठं असं विचारलं, तर ऑटोवाला आधी शाळेचा पत्ता सांगतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हेच होतं. इंग्रजी बालवाडी कुणाचीही असो, आमच्याकडे तिला कॉन्व्हेंटच म्हणतात. मग खऱ्याखुऱ्या सिस्टरांच्या शाळेपुढं मागचं लहानसं चर्च कुणाच्या डोळ्यांत भरणार? फादर म्हणजे शाळेचे मालक, एवढीच त्यांची गावाला ओळख. जून जवळ आला की व्यापारी, नगरसेवक, डॉक्टर अशा सगळ्यांना फादर आठवतात. आम्ही कॅथलिकही त्यातलेच. रविवारी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, सुटल्यावर पायऱ्यांवर फादरांशी जे बोलणं होतं ते नीट ऐका. फी, दाखला, पुतण्याची अ‍ॅडमिशन, बंद पडलेला पंखा, नाताळची वर्गणी. देवाचा विषय क्वचितच निघतो.

पुरोहिताला आपण पुरोहितपण सोडून बाकी सगळं करायला लावलं आहे, आणि आज उपासना जी कोरडी पडली आहे तिचं मूळ तिथं आहे, असं माझं मत झालं आहे. बिशपांना पटेल की नाही, ठाऊक नाही. लोकांना तर नक्कीच पटणार नाही, कारण शाळा सगळ्यांना हवी आहे.

आमचा पसारा तसा लहान. खामगाव हे कापसाचं गाव. 1870 साली जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कापसाबरोबर साहेब आले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि मिशनरीही त्याच वाटेनं आले. अकोला-खामगाव पट्ट्यात आधी जम बसवला तो अलायन्स मिशनच्या अमेरिकी प्रॉटेस्टंटांनी. कॅथलिकांचा कारभार 1887 पासून नागपूरच्या बिशपांकडे होता. तिथले सुरुवातीचे बरेच मिशनरी फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातले, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावानं चालणाऱ्या संघाचे. पुढं 1955 साली अमरावतीचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि वऱ्हाड त्याच्याकडे गेलं. वसईत किंवा गोव्यात जन्मलेल्या कॅथलिकाला आपलं चर्च म्हणजे आख्खं गाव वाटतं. आमच्याकडे चार बाकं भरली तरी आज गर्दी होती म्हणतात.

असं थोडकं असण्याचे काही फायदे आहेत. शेजारी प्रश्न विचारतात. अलायन्सच्या पाळकांना बायको-मुलं असतात हे गावाला माहीत, त्यामुळे ‘काहून जी, तुमच्या फादरच्या घरचे कधी दिसत नाहीत?’ हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो. लग्न करत नाहीत म्हटलं की समोरच्याचा आवाज एकदम आदरानं खाली येतो, आणि पुढचा प्रश्न येतो तो मात्र संशयाचा.

याचं कारण आमच्या मातीत आहे. खामगावपासून शेगाव अठरा-वीस किलोमीटर. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावात मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यामागं सारा रस्ता पायी शेगावला निघतो. लहान पोरं, म्हाताऱ्या, बँकेतले साहेब, कुणी अनवाणी. इथल्या माणसाच्या मनात साधुत्वाचं चित्र त्या पालखीतून तयार होतं. एकतर महाराजांसारखा कुळ-गाव न सांगणारा अवलिया, नाहीतर तुकोबांसारखा प्रपंची संत, ज्याला बायको आहे, कर्ज आहे, दुकान आहे. कीर्तनकाराला कुणी दीक्षा देत नाही. त्याच्या वाणीत आणि वागण्यात दम असला तर लोक ऐकतात, नसला तर उठून जातात.

कॅथलिक पुरोहित या दोन्ही चौकटींत बसत नाही. तो अवलिया नाही. त्याला बदलीचा हुकूम येतो, सुटी मिळते, वरिष्ठांना हिशेब द्यावा लागतो. तो प्रपंचीही नाही. आणि त्याची मिस्सा त्याच्या पुण्याईवर चालत नाही. ही गोष्ट बाहेरच्यांना तर सोडाच, आमच्याही लोकांना नीट उमजलेली नसते. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातुसच्या पंथानं असा आग्रह धरला होता की छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार ग्राह्य नाहीत. संत ऑगस्टिन यांनी त्याला कडाडून विरोध केला. बाप्तिस्मा देणारा हात कुणाचाही असो, देणारा ख्रिस्त आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. चर्चनं तेच धरलं. म्हणजे समोरचा फादर आळशी असो, तिरसट असो, वेदीवरची भाकर ख्रिस्तशरीर होते ती होतेच.

सामान्य माणसाला हा सिद्धांत केवढा दिलासा आहे! मला फादरांचं चारित्र्य तपासत बसावं लागत नाही. पण त्यातच मोठी पळवाटही आहे. काहीही केलं तरी मिस्सा होणारच, मग तयारी कशाला? कापूस मार्केटातला जुना ग्रेडर रुईची चिमूट दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी सांगतो, तसे आमचे लोक प्रवचनाच्या पहिल्या दोन वाक्यांत ओळखतात, फादर शुभवर्तमानावर विचार करून आलेत की मोबाइलवर आलेलं कुणाचं तरी वाचून दाखवताहेत. तोंडावर कुणी काही बोलत नाही. पण बाहेर पडताना चपला घालायची घाई झालेली दिसते. सूचना प्रवचनापेक्षा लांबतात तो रविवार तर हमखास वाया जातो. युनिफॉर्मच्या सूचना मिस्सेत ऐकलेल्या आहेत मी.

याच्या उलटही पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एक वयस्कर फादर तात्पुरते येऊन गेले. आवाज बसलेला, मराठी बेताची, प्रवचन जेमतेम पाच मिनिटांचं. पण कम्युनियन, म्हणजे ती भाकर लोकांना देऊन, झाल्यावर ते तबक हातात घेत, उजव्या हाताच्या बोटानं त्यावरचे बारीक कण एकेक करून प्याल्यात उतरवत, थोडं पाणी घालून ते पिऊन टाकत, मग पांढऱ्या कापडानं प्याला आतून पुसत, घडी उलटी करून पुन्हा पुसत. आम्ही बघत बसलेलो. कुणी खोकत नसे. एरवी मागच्या बाकावर कुजबुजणारी कॉलेजची पोरंसुद्धा गप्प. त्या कणांत काय आहे यावर या माणसाचा विश्वास आहे, हे कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी जे वर्षानुवर्षं ऐकलं ते त्या दोन मिनिटांत बसलं.

म्हणून जगभर लॅटिन मिस्सेसाठी हळहळणारे लोक मला कळतात, पण पटत नाहीत. दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 चालली. उपासनेसंबंधीचा तिचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 ला मंजूर झाला आणि लोकभाषांना वेदीवर जागा मिळाली. पूर्वी फादर आणि लोक एकाच दिशेनं तोंड करून उभे राहत. आता फादर लोकांकडे तोंड करतात. गंमत म्हणजे त्या दस्तऐवजात तोंड फिरवण्याची सक्ती कुठंच नाही, ते पुढच्या काही वर्षांत रूढ झालं. अमेरिकेत, फ्रान्समध्ये तरुण मंडळींना जुनी पद्धत पुन्हा हवीशी वाटू लागली. 2007 मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी तिला मोकळीक दिली, 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली, आणि त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. खामगावात लॅटिन कुणालाच नको आहे. पण त्या तरुणांची तक्रार खोटी नाही. लोकांकडे वळलेल्या फादरांच्या हातात माइक आला आणि नकळत ते सूत्रसंचालक झाले. देवळातल्या पुजाऱ्याची पाठ आपल्याकडे असते आणि त्यात आपला अपमान झाला असं आजवर कुठल्याही भाविकाला वाटलेलं नाही. हरवलं आहे ते सावकाशपण, आणि ते लॅटिननं परत येणार नाही. घाईत लॅटिनही उरकता येते; जुने लोक सांगतात की पूर्वी तेही व्हायचं.

मराठीची गोष्ट तर याहून जुनी आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि त्यानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. 1616 मध्ये ते राशोलला छापलं गेलं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं बंद झाली होती, त्यांना वाचायला-ऐकायला तसंच काहीतरी हवं होतं; त्यांनी मागितलं म्हणून त्यानं लिहिलं. म्हणजे ख्रिस्ताची कथा ओवीत आली सतराव्या शतकात, आणि वेदीवर मराठी आली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधली साडेतीनशे वर्षं मराठी कॅथलिक माणूस घरी एका भाषेत देवाशी बोलला आणि चर्चमध्ये दुसऱ्या भाषेपुढं गुडघे टेकून राहिला. त्याची श्रद्धा टिकली याचं मला कौतुक वाटतं. आता भाषा मिळाली आहे, तर ती नीट वापरायला हवी ना? आमच्याकडे येणारे बरेच फादर केरळचे, मंगळूरचे. ते मोठेपणी मराठी शिकतात आणि मन लावून शिकतात. मल्याळी फादरांचा ‘ळ’ तर आमच्या वऱ्हाडी लोकांपेक्षा चोख. आम्ही ‘डोळा’चा ‘डोया’ करून मोकळे. अडचण त्यांच्या उच्चारांची कधीच नव्हती. मराठी शिकायला, वाचायला, लोकांच्या ओसरीवर बसून ऐकायला जो वेळ लागतो, तो शाळेच्या ऑफिसात जातो.

कोरोनानं या सगळ्याला वेगळंच वळण दिलं. 2020 चा पुनरुत्थानाचा सण, 12 एप्रिलचा, आम्ही मोबाइलवर केला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली ती 16 नोव्हेंबरला, पुन्हा बंद झाली आणि 2021 च्या 7 ऑक्टोबरला पुन्हा उघडली. त्या काळात खामगावच्या कॅथलिकाला शोध लागला की घरी बसून वसईची मिस्सा पाहता येते, मुंबईची पाहता येते, थेट रोमचीही. तिथलं गायन उत्तम, प्रवचन मुद्देसूद, वाटलं तर पुढं ढकलता येतं. कितीतरी घरांत ती सवय राहिली. माझ्या नात्यातल्या एक बाई अजूनही रविवारी सकाळी कुकर लावून मिस्सा पाहतात. त्यांना नावं ठेवायला मी कचरतो, गुडघे दुखतात त्यांचे. पण एक गोष्ट मोबाइलवरून येत नाही. पडद्यावरची भाकर तोंडात घालता येत नाही. प्रवचन, गाणं, उपदेश, माहिती या सगळ्यांत दूरचे लोक आपल्या गावच्या फादरांपेक्षा सरस ठरू शकतात. उरतं ते एवढंच, की एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या हातावर ती भाकर ठेवायची, आणि मरणाला टेकलेल्याच्या कपाळावर तेल लावायचं. गावच्या पुरोहिताकडे नेमकं तेवढंच त्याचं स्वतःचं शिल्लक आहे, आणि त्यालाच आम्ही सगळ्यांत कमी वेळ ठेवला आहे.

पुरोहित नसला तर श्रद्धा मरते असं मात्र नाही. वसईचा किल्ला 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला, युरोपियन पाद्री गेले, तरी देशी धर्मगुरूंच्या जोरावर तिथला ख्रिस्ती समाज टिकून राहिला. जपानची कथा तर थक्क करणारी आहे. 1614 मध्ये तिथं ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पुरोहित मारले गेले किंवा हाकलले गेले. पुढं दोनशेहून अधिक वर्षं उराकामी आणि आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी लपून बाप्तिस्मा दिला, प्रार्थना तोंडपाठ ठेवल्या, सणांचा पंचांगासारखा हिशेब राखला. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये फादर पेटिजाँ यांच्याजवळ काही शेतकरी भीतभीत आले आणि आपली श्रद्धा तीच असल्याचं त्यांनी सांगितलं. खऱ्या पुरोहिताच्या खुणा म्हणून त्यांच्याकडे तीन गोष्टी पिढ्यान् पिढ्या चालत आल्या होत्या. तो मारियेला मानतो, रोमच्या पोपला मानतो आणि लग्न करत नाही. दोन शतकं ते मिस्सेशिवाय जगले, पण मिस्सा देणारा कधीतरी येईल ही आस त्यांनी सोडली नाही. आमच्या दाराशी फादर रोज आहेत आणि आम्ही त्यांना दाखल्यावर सही मागतो.

ब्रह्मचर्याचं म्हणाल तर ते मला पेलण्याजोगं आणि सुंदर व्रत वाटतं, तरी तो श्रद्धेचा अढळ सिद्धांत नाही हे सांगायला हवं. संत पेत्राला सासू होती, शुभवर्तमानात ती तापानं पडलेली आहे. लग्न झालेल्यांना पुरोहितपद बंद करणारा कडक नियम पाश्चात्य चर्चमध्ये पक्का झाला तो बाराव्या शतकात, 1139 च्या लॅटरन परिषदेत. युक्रेनसारख्या देशांतल्या पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये आजही विवाहित पुरोहित आहेत. 2019 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या गावांसाठी अनुभवी विवाहित पुरुषांना दीक्षा द्यावी अशी मागणी रोमच्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, बहुमतानं झाली. पोप फ्रान्सिस यांनी 2020 मध्ये त्यावर होकार दिला नाही. माझा आग्रह तेवढ्या लांबचा नाही. विवाहित डीकन मुंबई धर्मप्रांतात आहेत. ते बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, प्रवचन करतात. असे डीकन वऱ्हाडातल्या विखुरलेल्या गावांसाठी का नकोत? निवृत्त शिक्षक आहेत, एसटीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांना इथली बोली शिकवावी लागणार नाही.

आणि पुरोहित कोणाच्या घरातून येतात, हाही प्रश्न आहे. मराठवाड्यात, नगर भागात कॅथलिक समाज मुख्यतः दलित वस्त्यांतून उभा राहिला. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात जो जनसागर लोटतो तो याच लोकांचा. ख्रिस्ती झाल्यामुळे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, आणि चर्चमध्ये जात संपली म्हणावं तर तेही खरं नाही. भारताच्या बिशप परिषदेनं 2016 मध्ये दलितांविषयीचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं ते काही उगीच नाही. 2022 मध्ये हैदराबादचे अँथनी पुला कार्डिनल झाले, पहिले दलित कार्डिनल. आनंद झाला. पण त्याला 2022 साल उजाडावं लागलं.

पुरोहितांच्या हातून घडलेल्या पापांवर इथं फार लिहीत नाही. 2002 मध्ये बॉस्टनच्या वृत्तपत्रानं मुलांवरचे अत्याचार आणि त्यांची झाकपाक उघडी पाडली, तेव्हापासून देशोदेशी जे बाहेर आलं ते सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी साऱ्या श्रद्धावंतांना उद्देशून पत्र लिहिलं आणि पुरोहितशाहीला जबाबदार धरलं. त्यातला मला लागू पडणारा भाग असा, की पुरोहितशाही एकट्या पुरोहितानं उभी राहत नाही, तिला हात जोडणारे लोकही लागतात. ज्याच्या हातात शाळेचा प्रवेश, नोकरी आणि मिस्सा तिन्ही आहेत त्याला ‘फादर, हे चुकतंय’ असं कोण म्हणणार?

मराठी वाचकाला कॅथलिक पुरोहित म्हटलं की फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात, आणि ते योग्यच आहे. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूला अध्यक्ष का केलं म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. आजारी असतानाही ते व्यासपीठावर गेले. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले. 25 जुलै 2024 ला ते गेले. कुणी म्हणेल, तेही वेदीबाहेरचीच कामं करत होते की. होय, पण त्यांचं सारं लेखन बायबल वाचण्यातून आलेलं होतं. दाखल्यावर सही करायला दीक्षा लागत नाही, बायबलबरोबर आयुष्य काढायला लागते.

आर्सचे संत जाँ-मारी व्हियानी हे पॅरिश पुरोहितांचे आश्रयदाते. सेमिनरीत लॅटिन जमेना म्हणून जवळजवळ नापासच होते. 1818 मध्ये जेमतेम अडीचशे वस्तीच्या गावात त्यांची नेमणूक झाली, म्हणजे आमच्या लहानशा पसाऱ्यासारखंच. त्यांनीही गरीब मुलींसाठी शाळा काढली, हे मी लपवत नाही. पण फ्रान्सभरातून लोक त्या आडगावी आले ते शाळा पाहायला नव्हे. ते दिवसाचे बारा-बारा, कधी सोळा तास पापनिवेदन ऐकत बसत म्हणून आले. आमच्याकडे पापनिवेदनाची वेळ फलकावर ‘मिस्सेआधी दहा मिनिटं’ अशी लिहिलेली असते, आणि त्या दहा मिनिटांत फादर माइक जोडत असतात.

शाळा बंद करा असं मी म्हणत नाही. वऱ्हाडातल्या मुलींच्या कितीतरी पिढ्या या शाळांमुळे उभ्या राहिल्या. पण हिशेब, फी, बांधकाम, सरकारी कागद हे सगळं आमच्यातल्या शिकलेल्या बाप्यांनी आणि बायकांनी उचलावं. पॅरिश कौन्सिल नुसती चहा-बिस्किटांपुरती असू नये. बिशपांनी फादरांना मराठीसाठी, वाचनासाठी, घरोघरी जाण्यासाठी वेळ राखून द्यावा. आणि खामगावातल्या माझ्या कॅथलिक शेजाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी फादर घरी आले की त्यांना आत बसवा, आजारी आजीच्या खाटेशी न्या, प्रार्थना करायला सांगा. अ‍ॅडमिशनचा विषय त्या दिवशी काढू नका.